सोयाबीनच्या शेतातलं रेडिओ स्टेशन

शोभना पुण्याहून डब्लिनला आली ती २००१च्या उन्हाळ्यात. हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोतलं, कोलंबस शहराला चिकटून असलेलं. नवरा श्रीराम तिथल्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर होता. आठ वर्षांची अनन्या महिन्याभरात शाळेत अशी रुळली, की जणू तिथेच जन्मली. शोभनाला मात्र तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात ती शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि त्याआधी महाराष्ट्राच्या संघातून खो-खो खेळलेली. एका शिट्टीवर अख्ख्या मैदानातल्या पोरींना पळवणारी बाई आता घरात बसून घड्या घातलेल्या टॉवेलांच्या पुन्हा घड्या घालायची.

"जरा आराम कर की," श्रीराम म्हणायचा.

"आराम दमल्यावर करतात," ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

अनन्याची ने-आण करायला श्रीरामने एक जुनी गाडी घेतली. तिच्या रेडिओतलं एफएम मुकं होतं आणि टेपमध्ये आधीच्या मालकाची कॅसेट अडकून बसली होती. चालायचं ते फक्त एएम, म्हणजे आपलं मीडियम वेव्ह, आणि त्यातही डायलच्या पार उजव्या टोकाला एकच स्टेशन स्वच्छ लागायचं. त्याचं नाव 'द बेंच'. दिवसभर खेळाच्या गप्पा, संध्याकाळी सामने. सुरुवातीला शोभनाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण बोलणाऱ्याच्या आवाजात काहीतरी होतं, ते तिला लगेच कळलं.

"हा माणूस खुर्चीत बसून बोलत नसणार," ती श्रीरामला म्हणाली. "उभा राहून बोलतोय. ऐकून समजतं."

तो आवाज डेल हॉस्टेटलरचा होता, आणि स्टेशनही त्याचंच. पन्नासच्या दशकात धान्याच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून ते काढलं होतं. मक्याचे भाव, पावसाचा अंदाज आणि रविवारी चर्चमधली गाणी, एवढाच त्याचा पसारा. डेल विशीत तिथे भाव वाचायला लागला. पुढे व्यापारी म्हातारे झाले तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने, लॉइसने, मिळून ते विकत घेतलं. मग हळूहळू शेतं गेली, त्यांच्या जागी एकसारख्या घरांच्या वसाहती आल्या, आणि मक्याचे भाव ऐकायला कोणी उरलं नाही. जो तो डेलला सांगू लागला, आता विकून मोकळा हो. डेलने ऐकलं नाही. श्रीरामच्या गाडीत तो आवाज घुमायच्या काही महिने आधीच त्याने ते खेळांचं स्टेशन करून टाकलं होतं.

खेळ म्हणजे तरी कोणते? मोठ्या विद्यापीठाचं फुटबॉल मोठ्या स्टेशनांनी धरून ठेवलेलं. डेलने आजूबाजूच्या गावांतल्या शाळांचे सामने घेतले. मुलांचं फुटबॉल, मुलींचं बास्केटबॉल, कुस्ती, अगदी पोहण्याच्या शर्यतीसुद्धा. पोहण्याचं वर्णन रेडिओवर करणं म्हणजे काय कर्म, ते ज्याने ऐकलं त्यालाच कळावं. डेल ते करायचा, आणि लोक ऐकायचे. 'बेंच' म्हणजे राखीव खेळाडू बसतात तो बाक. सामना संपला की डेल दोन्ही संघांतल्या सगळ्यांची नावं वाचायचा, त्या दिवशी पाऊलही मैदानात न टाकलेल्यांचीही. घरी पोचलेले आईबाप आपल्या पोराचं नाव येईपर्यंत गाडीतून उतरत नसत.

आता एएमचा एक वेगळाच स्वभाव असतो. सूर्य मावळला की त्याच्या लहरी आकाशातून उसळी मारून शेकडो मैलांवर जाऊन पडतात आणि दुसऱ्याच्या स्टेशनात घुसतात. म्हणून सरकारी नियम असा, की छोट्या स्टेशनांनी सूर्यास्ताला आपली ताकद कमी करायची. सामने तर संध्याकाळीच रंगात येणार. डेल रोज त्या वेळी श्रोत्यांना सांगायचा, "मंडळी, आता आम्हाला हळू बोलायला लागणार आहे. जरा जवळ येऊन बसा." आणि लांबच्या गावांतले लोक खरोखरच गाड्या काढून, जवळच्या एखाद्या चढावर नेऊन लावायचे आणि ऐकत बसायचे.

पुढच्या जानेवारीत एके सकाळी डेलने फोनवरच्या कार्यक्रमात विचारलं, "तुम्हाला माहीत असलेला, पण इथे कुणीच न पाहिलेला असा सर्वांत अवघड खेळ कोणता?" एव्हाना शोभनाच्या स्वयंपाकघरातही एक छोटा रेडिओ आला होता. ती पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने फोन उचलला आणि नंबर फिरवल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"खो-खो," ती म्हणाली.

"पुन्हा सांग," डेल म्हणाला.

तिने सांगितलं. आठ जणी ओळीत उकिडव्या बसतात, एक आड एक उलट दिशेला तोंड करून. नववी पळणारीच्या मागे लागते. तिला मागे वळायची मुभा नाही, ओळ ओलांडायची मुभा नाही. अडलं की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. मग ती उठून पळते.

"म्हणजे ज्या बसलेल्या आहेत, त्यांच्यावर सगळा खेळ."

"हो. बसलेली एक जरी गाफील राहिली, तरी संपलं."

"मग बसताना त्या पाय कसे ठेवतात?"

शोभनाच्या हातातलं लाटणं थांबलं. या देशात आल्यापासून लोकांनी तिला बरंच विचारलं होतं, इथली थंडी सोसते का, शाकाहारी म्हणजे नक्की काय खातेस. पण तिला जे येत होतं त्याबद्दल कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. ती बोलत सुटली. पुढचा पाय किती पुढे, टाच किती उचललेली, वजन कुठे, नजर कुठे. तिच्या तोडक्या इंग्लिशमध्ये शब्द अडला की डेल थांबायचा, घाई करायचा नाही. मधली जाहिरात बुडाली, हे तिला पुष्कळ दिवसांनी लॉइसने सांगितलं.

"आमच्या शाळांचे सामने पाहिलेस कधी?" शेवटी डेलने विचारलं.

"नाही. नुसते ऐकते. तुमच्या डोळ्यांनी."

"मग आता तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि काय दिसलं ते मला फोन करून सांग."

डेलची ती रीतच होती. स्टेशनवर माणसं मोजकी आणि एकाच संध्याकाळी दहा ठिकाणी सामने. म्हणून प्रत्येक मैदानावरून कोणीतरी श्रोता फोन करून स्कोर कळवायचा, कुणाची आई, कुणाचे आजोबा, कधी शाळेच्या बसचा ड्रायव्हर. श्रीराम स्वभावाने सावध. त्याने आधी ऑफिसातल्या वकिलाला विचारलं. "फोन करायला व्हिसा लागत नाही," वकील हसून म्हणाला.

तेव्हापासून संध्याकाळी अनन्याला घेऊन शोभना जवळच्या शाळांच्या जिममध्ये, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहांत, जाऊ लागली. मुलींचं बास्केटबॉल तिला सर्वांत आवडलं. स्कोर सांगून झाला की ती एखादं वाक्य पुढे जोडायची. एकदा म्हणाली, "ती उंच मुलगी थकलेली नाहीये. तिचा बूट सैल आहे, वळताना पाऊल आत सरकतंय." दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा स्टेशनला फोन आला, नवे बूट आणले म्हणून. हळूहळू 'डब्लिनची शोभना' हे नाव लोकांच्या कानात बसलं. किराणा दुकानात भाजी निवडताना एखादी अनोळखी बाई तिचा आवाज ऐकून मागे वळायची आणि विचारायची, "तुम्ही त्या रेडिओवरच्या का?" आणि शोभना घरी येऊन ते श्रीरामला दोनदा सांगायची.

स्टेशन तिने पहिल्यांदा पाहिलं ते त्याच वसंतात. गाव संपल्यावर सोयाबीनच्या शेतात एक बुटकी विटांची इमारत आणि शेजारी लाल-पांढरा टॉवर. डेल पासष्टीचा, उंच, किंचित वाकलेला. त्याने तिला आधी स्टुडिओ दाखवलाच नाही, शेतात नेलं.

"या जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरल्या आहेत," तो म्हणाला, "टॉवरभोवती, झाडाच्या मुळांसारख्या. एएम जमिनीला धरून चालतं. टॉवर नुसता दिसायला. खरं काम ही मुळं करतात."

"मिस्टर हॉस्टेटलर, मग नांगरताना तारा तुटत नाहीत?"

"तुटतात. मग मी खाली बसून जोडतो. आणि मिस्टर हॉस्टेटलर माझे वडील होते. मी डेल."

वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमेना. घरी ती त्याला डेलकाका म्हणू लागली, अनन्याही तेच म्हणायला लागली. समोर मात्र शोभना काहीच न म्हणता बोलायला सुरुवात करायची. तिचा हा घोळ डेलच्या लक्षात आला होता, पण त्याने तो विषय कधी काढला नाही.

२००४च्या शरद ऋतूत ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलं आणि शोभनाच्या हातात कामाचा परवाना पडला. डेलने तिला दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. दुपारचा कार्यक्रम जुळवायचा, आणि मुलींच्या सामन्यांना त्याच्या शेजारी बसून बोलायचं. पहिल्याच आठवड्यात एका माणसाने कार्यक्रमात फोन करून तक्रार केली, त्या बाईंचं इंग्लिश आपल्याला कळत नाही.

"मलाही आधी कळत नव्हतं," डेल शांतपणे म्हणाला. "मग मी नीट ऐकायला लागलो. पुढचा फोन घेऊ या."

काचेपलीकडे बसलेल्या शोभनाने मान खाली घालून कागद चाळल्यासारखं केलं. कागद कोरे होते.

आणि मग त्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, पावसाने घात केला. तो पडत होता आणि पडल्या जागी गोठत होता. झाडांची काडी न् काडी, गाड्या, विजेच्या तारा, सगळं काचेत बुडवून काढल्यासारखं झालं. दिसायला सुंदर, पण ते वजन कुणाला पेलेना. फांद्या मोडून तारांवर कोसळल्या आणि हजारो घरांतली वीज गेली. घरं गॅसवर तापत असली तरी ती ऊब घरभर फिरवायला पंखा लागतो, आणि पंख्याला वीज. सकाळपर्यंत घरं फ्रिजसारखी गार पडली.

शोभनाच्या घरीही तेच. श्रीरामने तिघांची पांघरुणं गाडीत टाकली आणि एरवी काही मिनिटांचा रस्ता जीव मुठीत धरून पार केला. "तुला पोचवतो आणि आम्हीही तिथेच बसतो," तो म्हणाला. "तिथे जनरेटर आहे, आणि तुला असंही घरी राहवणार नाही."

स्टेशनात डेल दाढी न करता, स्वेटरवर स्वेटर घालून माईकसमोर उभा होता. लॉइस दोन्ही कानांना दोन फोन लावून बसली होती. सगळे सामने रद्द झाले होते. खेळांच्या स्टेशनला खेळच उरला नव्हता. पण डेलला आजूबाजूच्या गावांतला एकूण एक प्रशिक्षक नावाने माहीत होता, आणि शाळांच्या जिमच्या किल्ल्या प्रशिक्षकांकडेच असतात. भल्या सकाळपासून तो त्यांना हवेतूनच हाका मारत होता. "टॉम, तुझ्या शाळेला जनरेटर आहे. ऐकत असशील तर जाऊन दार उघड." आणि थोड्या वेळाने टॉमचा फोन यायचा, उघडलं म्हणून.

शोभना त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघं मिळून स्कोर सांगावेत तसं सांगू लागली. अमुक शाळा, जिम उघडी, ऊब आहे, कॉफी आहे, पांघरुणं कमी. तमुक शाळा, जागा भरत आली, पलीकडच्या गावी जा. पांघरुणं कमी म्हटलं की तासाभरात तिथून फोन यायचा, पुरे झाली, आता लोकांना थांबवा. ज्या लोकांनी इतकी वर्षं एकमेकांच्या संघांना पाडायला आरडाओरडा केला होता, ते एकमेकांना जनरेटरचं डिझेल नेऊन देत होते. श्रीराम संध्याकाळपर्यंत फोनवर बसला होता. इतका बोलताना त्याला शोभनाने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दिवस कलला. खिडकीबाहेर शेतावरचं बर्फ तांबूस दिसायला लागलं, तसं शोभनाने घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाली, "डेल, सूर्यास्त." नाव तोंडातून गेलं ते तिच्या नंतर लक्षात आलं.

डेलने मान हलवली. "आज नाही. नियमातच तशी सोय आहे. लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल, तर दिवसाची ताकद अंधार पडल्यावरही वापरता येते. अट एकच, त्या वेळात कमाई करायची नाही."

लॉइसने नाताळच्या सगळ्या जाहिराती उचलून खणात टाकल्या. वर्षभर ज्या आठवड्याकडे ती डोळे लावून बसायची, तो हाच. खण बंद करून ती पुन्हा फोनकडे वळली.

तेवढ्यात शोभनाला रत्नाताईंचा फोन आला. रत्नाताई म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी.

"शोभना, अगं अपार्टमेंट्समध्ये कितीतरी घरी नुसते आईवडील आहेत. इंडियाहून आलेले. मुलं कुठे कुठे अडकलीत. एक काकू मला म्हणाल्या, बाल्कनीतला बार्बेक्यू आत घेऊन कोळसे पेटवतो, जरा शेक मिळेल. मी नको म्हणेपर्यंत फोन कट. बॅटरी गेली असणार. बाकीच्यांचे तर लागतच नाहीयेत. असं आणखी कोणी करत असेल तर?"

शोभनाने फोन ठेवला. ती डेलकडे गेली. "मला माझ्या भाषेत दोन मिनिटं बोलायचंय."

तिने कारण सांगितलं. डेलने कानावरचा हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "दोनच का? सांगून होईपर्यंत बोल."

माईकसमोर ती मराठीत कधीच बोलली नव्हती. 'नमस्कार, श्रोतेहो' असं काहीतरी ओठांवर आलं, ते तिने गिळलं. अंधाऱ्या, गार खोल्यांत बसलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली.

"काका, काकू, मावशी, मी शोभना बोलतेय. इथल्याच रेडिओवरून, आपल्या डब्लिनजवळून. आधी एक सांगते, आणि ते लगेच करा. घरात कोळसे पेटवले असतील, शेगडी आत घेतली असेल, तर दार उघडा आणि ती बाहेर ठेवा. धूर दिसला नाही तरी त्यातून विषारी वायू येतो. त्याला वास नसतो. डोकं दुखत असेल, गुंगी येत असेल, तर ती थंडीने नाही. उठा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि शेजारचं दार वाजवा. इंग्लिश येत नसलं तरी चालेल, नुसतं 'हेल्प' म्हणा. लाजू नका, आणि शेजाऱ्याला त्रास कशाला, असा विचार करू नका. तो माणूसच आहे."

मग तिने जवळच्या जिमचे पत्ते सांगितले, वाटेत कोणती खूण विचारायची ते सांगितलं, आणि तेच सगळं हिंदीत. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. तिचं झाल्यावर डेल इंग्लिशमध्ये म्हणाला, "हे ज्याला त्याच्या भाषेत सांगता येईल, त्याने फोन करा." एका सोमाली टॅक्सीवाल्याने फोन केला आणि त्याच्या लोकांना सांगितलं. एक पाद्री स्पॅनिशमध्ये बोलला. त्यांच्यातलं एक अक्षरही न कळता डेल माईकपासून दोन पावलं मागे, हाताची घडी घालून उभा होता. त्याचा चेहरा एखाद्या चुरशीच्या सामन्याच्या शेवटी असायचा तसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन लॉइसवर सोपवून सगळे जवळच्या जिममध्ये पांघरुणं पोचवायला गेले. बास्केटबॉलच्या कोर्टावर ओळीने खाटा टाकलेल्या. एका खाटेवर कानटोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते, हातात जुना ट्रान्झिस्टर. शेजारी पांघरुणात गुरफटलेल्या त्यांच्या पत्नी. शोभनाने अनन्याला मराठीत काहीतरी सांगितलं, तसे ते गृहस्थ उठून उभे राहिले.

"आपणच शोभना का?" ते म्हणाले. "मी गुरुदत्त देशपांडे. नागपूरचा. मुलाकडे आलोय, शैलेंद्रकडे. तो शिकागोच्या एअरपोर्टवर अडकलाय."

"बसा ना काका. कसे आहात?"

"आहोत," ते म्हणाले. "आम्ही शेगडी बाथरूममध्ये पेटवली होती. दार लावून. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. ही म्हणाली, डोकं जड झालंय. मी म्हटलं, थंडीनं."

"हे माझ्यावर शाल टाकत होते," काकू म्हणाल्या, "आणि रेडिओतून आवाज आला, काका, काकू. यांनी रेडिओलाच विचारलं, कोण बोलतंय. मग मी उठायला गेले, तर पायच उचलेनात. यांनी मला ओढत दारापर्यंत आणलं. समोरच्या घरातली मुलं धावली."

शोभनाने काकूंच्या खांद्यावरून घसरलेलं पांघरूण वर ओढलं. मग तिने विचारलं, "पण काका, तुम्ही हे स्टेशन कसं लावलं होतंत?"

"हा नागपूरहून आणलाय. यावर इथलं दुसरं काही लागतच नाही," ते ट्रान्झिस्टरवरून हात फिरवत म्हणाले. "मला त्या खेळातलं काही कळत नाही बरं का. पण ते म्हातारे गृहस्थ बोलतात ना, ते बरं वाटतं ऐकायला. ज्याला खेळ आवडतो त्याचं बोलणं कळतं."

शोभनाने डेलला हाक मारली. तो खाटांमधून वाट काढत आला. ती त्याला काय घडलं ते सांगत होती, तोवर देशपांडे काकांनी पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. "युवर स्टेशन," ते म्हणाले, "व्हेरी क्लिअर."   डेल त्यांच्या शेजारी खाटेवर बसला आणि तो ट्रान्झिस्टर हातात घेऊन त्याची डायल निरखू लागला.

त्यानंतरची तीन वर्षं स्टेशनची भरभराटीची गेली. मुलींच्या सामन्यांना आता शोभनाच आधी बोलायची आणि डेल मध्येमध्ये भर घालायचा. देशपांडे काका दर उन्हाळ्यात आले की बेसबॉलच्या कार्यक्रमात फोन करायचे. त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "हा माणूस चेंडू न मारता चालत का गेला?" चार चेंडू वाईट पडले की मारणाऱ्याला पहिल्या तळापर्यंत चालत जाता येतं, हे डेल दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं समजावून सांगायचा. इतर श्रोते त्या फोनची वाट बघू लागले.

२००८च्या सुरुवातीला डेलने शोभनाला शेतात बोलावलं. एका मोठ्या कंपनीने स्टेशन मागितलं होतं. कार्यक्रम लांबच्या शहरातून येणार होते.

"विकतोय," तो म्हणाला. "तुला राग आला असेल."

"आलाय."

"यायलाच हवा. पण लॉइसला नातवंडं बघायची आहेत, आणि माझा आवाज आता सामना संपायच्या आधी बसतो. लोकांनी सांगण्यापूर्वी थांबलेलं बरं." मग तो म्हणाला, "तू थांबू नकोस."

मार्चमध्ये मुलींच्या मोठ्या सामन्याला त्याने आपली खुर्ची शोभनाला दिली आणि स्वतः शेजारी बसून तिला खेळाडूंचे नंबर दाखवत राहिला. पुढच्या सोमवारपासून त्या जागी दुसऱ्याच कुणाचा आवाज येऊ लागला. वाईट नव्हता. पण त्यात त्यांच्या गावांपैकी एकाचंही नाव नव्हतं. शोभनाने गाडीतला रेडिओ बंद केला आणि तशीच घरी आली.

आठवडाभरात मुलींच्या संघांचे काही प्रशिक्षक तिच्या दारात उभे राहिले. बर्फाच्या वेळी जिम उघडणारा टॉमही त्यांच्यात होता. शाळेने इंटरनेटची जोडणी आणि एक टेबल द्यायचं कबूल केलं होतं. बोलणार का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शोभनाने त्यांना चहा दिला आणि होकार द्यायच्या आधी मैदानावर वारा कुठून येतो ते विचारलं.

एप्रिलमध्ये मुलींच्या सॉफ्टबॉलचा पहिला सामना इंटरनेटवरून गेला. अनन्या आता पंधराची झाली होती. लॅपटॉप, माईक, तारा, सगळं तिनेच जुळवलं. शोभना पहिल्या चेंडूपासून बोलत होती. चेंडू फेकणारी, बॅट, धाव, आभाळ, मागची झाडं, काही सोडलं नाही. डाव बदलताना तिचा मोबाइल वाजला. डेल होता.

"ऐकू येतंय?" तिने घाईने विचारलं.

"छान. जरा उशिरा पोचतंय, पण छान. एक सांगू का?"

"सांगा ना."

"तू फार बोलतेस. मीही सुरुवातीला असंच करायचो. गप्प बसलो तर लोक निघून जातील असं वाटायचं. नाही जात. अधूनमधून त्यांना मैदान ऐकू दे."

पुढच्या डावात एका बुटक्या मुलीने पहिलाच चेंडू जोरात टोलवला. "गेला, डाव्या कुंपणाकडे," शोभना म्हणाली, आणि तोंड मिटून माईक मैदानाकडे वळवला. मातीवरून घसरणाऱ्या बुटांचा आवाज आला, बाकावरच्या मुलींचा एकच गलका, कुणाच्या तरी आजोबांनी हाताने कुंपणाचं जाळं वाजवलं.

अनन्या दचकून लॅपटॉपवर वाकली. "Mom, say something," ती कुजबुजली.

शोभनाने ओठांवर बोट ठेवलं आणि ऐकत राहिली.